औषधांचे कपाट

मराठी घराच्या सामानसुमानाला शब्दांची ददात कधी पडली नाही. फडताळ, मांदूस, घडवंची, कोनाडा, शिंके, उतरंड ही सारी नावे वस्तूचे काम सांगतात आणि घरातली तिची जागाही सांगतात. जे आपल्याकडे नव्हते ते आपण बाहेरून आणले आणि नावासकट ठेवून घेतले. अलमारी पोर्तुगिजांकडून आली, खुर्ची अरबीतून आली. टीपॉयची कथा तर भाषेच्या वर्गात हमखास सांगावी अशी आहे: तीन पायांची ‘तिपाई’ इंग्रजांनी उचलली, चहाच्या संगतीने तिचे रूप पालटले, आणि ती ‘टीपॉय’ होऊन चार पायांवर आमच्या बैठकीत परत आली. ‘कपाट’ मात्र घरचेच. संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी; मराठीत त्या फळीने मागची सगळी पोकळीच आपल्या नावावर करून घेतली.

असे असताना मद्याच्या बाटल्या आणि पेले ठेवण्यासाठी विसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू घरांत जे लाकडी, पितळेने सजवलेले सामान आले, त्याला मराठीने नाव दिले नाही. जुन्या सामानाचे व्यापारी आज त्याला ‘बार कॅबिनेट’ म्हणतात. कोऱ्हाळे बुद्रुकच्या आमच्या घरात अशी एक वस्तू जवळजवळ साठ वर्षे होती आणि तिला सगळे ‘औषधांचे कपाट’ म्हणत. आम्ही म्हणजे त्या घरातली पाच चुलत भावंडे. लिहिणारा हात एकाचा असला तरी आठवणी सामायिक आहेत, आमच्या सातबाऱ्यासारख्या. तेव्हा ‘आम्ही’ हा शब्द येथे संपादकीय थाटाचा नव्हे, व्यवहारातला आहे.

कपाट छातीइतक्या उंचीचे. वरच्या भागाची पुढची फळी सलग पितळी बिजागरीवर खाली उघडे आणि तिचे आडवे मेज होई. आत पाठीमागे आरसा. आरशापुढे दोन बोटे उंचीचा पितळी कठडा, बाटल्या कलंडू नयेत म्हणून. त्या कठड्याच्या आत, बाटल्यांच्या बुडाखाली, पितळेचा पत्रा बसवलेला. खालच्या भागाला दोन दारे, कुलपाच्या भोकाभोवती पितळी चकती, आणि निमुळत्या, किंचित बाहेर झुकलेल्या चारही पायांना पितळी टोप्या. फळी उघडताच आत दिवा लागावा यासाठी वरच्या बाजूला एक भोक पाडलेले होते. भोक होते, दिवा कधीच नव्हता. त्या काळी त्या खोलीपर्यंत वीज पोचली नव्हती, आणि पोचली तेव्हा त्या भोकाचे प्रयोजन कोणाच्या लक्षात राहिले नव्हते.

असे कपाट नीरेकाठच्या एका खेड्यात का असावे, याचे पहिले उत्तर कालवा हे आहे. नीरा–बारामती रस्त्यावर, वडगाव निंबाळकरच्या शेजारी आमचे गाव. दक्षिणेला नदी, नदीपलीकडे फलटण तालुका. नीरा डावा कालवा १८८०च्या दशकात सुरू झाला. दुष्काळ निवारावा, ज्वारी-बाजरीला पाणी मिळावे, हा त्यामागचा हेतू. शेतकऱ्याने ते पाणी उसाकडे वळवले. भाटघरचे जुने धरण अपुरे पडले म्हणून त्याच्या जागी मोठे धरण बांधले गेले आणि ते १९२०च्या दशकाच्या अखेरीस पुरे झाले. कालव्याने काही जमिनी क्षारपड केल्या आणि काही घरांना माड्या चढवल्या. आमचे घर दुसऱ्या प्रकारातले. गुऱ्हाळाचा गूळ पुण्याच्या पेठेत जाई, पुढे सहकारी साखर कारखाने आले आणि सोमेश्वरनगरची चिमणी आमच्या शिवारातून दिसू लागली. उसापासून साखर होते हे शाळेत शिकवतात. साखर काढून उरलेल्या मळीपासून मद्यार्क होतो हे मात्र हंगामातल्या वासावरून आपोआप कळते. ज्या पट्ट्याने राज्याच्या मद्याचा कच्चा माल पिकवला, त्या पट्ट्यातल्या घरांत मद्य हा शब्द उच्चारायची सोय नव्हती.

दुसरे उत्तर कायदा हे आहे. मुंबई शहरात काँग्रेस मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी दारूबंदीचा पहिला प्रयोग केला. मंत्रिमंडळ लवकरच पायउतार झाले आणि प्रयोगही बारगळला. स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ आला आणि १९५०च्या एप्रिलपासून राज्यभर बंदी लागू झाली. मोरारजी देसाईंचे नाव या कायद्याशी कायमचे जोडले गेले ते यामुळे. एफ. एन. बलसारा या नागरिकाने त्याला न्यायालयात आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली कायदा बहुतांशी उचलून धरला. मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने यांच्यावरील बंदी मात्र रद्द ठरवली. घटनेच्या अभ्यासकांना हा खटला अन्य कारणांसाठी पाठ असतो. आम्हाला त्यातले एवढेच मोलाचे वाटते की ‘औषध’ या शब्दाच्या आडोशाला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाची मान्यता होती. आमच्या घराने शब्द उगाच निवडला नव्हता.

कारण बंदीच्या काळात पिणाऱ्यासमोर सन्मानाची वाट एकच होती, आजारी असण्याची. वैद्यकीय दाखला जोडून प्रकृतीच्या कारणास्तव परवाना मिळे आणि त्यावर महिन्याकाठी ठरावीक युनिटे. आमच्या आबांजवळ असा परवाना होता. आबा म्हणजे आमचे आजोबा. अंगाने पहिलवान, वयाच्या पासष्टाव्या वर्षापर्यंत उसाची मोळी एका हाताने गाडीवर टाकणारे. सरकारदरबारी ते निद्रानाशाचे जुने रोगी होते. १९६०च्या दशकात महाराष्ट्र सरकारने बंदी बरीच सैल केली, तरी कायदा गेला नाही. तोच अधिनियम आज महाराष्ट्राचे नाव लावून अस्तित्वात आहे, पिण्यासाठी परवाना लागतो ही तरतूदही त्यात आहे. ज्या राज्यात मद्याचा महसूल मोजायला स्वतंत्र खाते आहे, त्या राज्यात पिणारा कागदोपत्री अपवादच असतो. हा दुटप्पीपणा आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे; परंतु दुटप्पीपणालाही फर्निचर लागते, आणि आमचा विषय तो आहे.

अमेरिकेचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. तेथे दारूबंदी १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षे टिकली आणि उठली. नंतर तिकडच्या घरांतून मद्याचे सामान दर्शनी भागात आले: काचेचे पेले, आरसे, आणि युद्धोत्तर काळात चाकांवर फिरणाऱ्या पितळी गाड्या, पाहुण्यांसमोर ढकलत आणण्यासाठी. आपल्याकडे बंदी पूर्णपणे उठलीच नाही, म्हणून सामानाला दोन तोंडे राहिली. फळी उघडली की ते बार, मिटली की शिसवी रंगाचे सोज्वळ कपाट, वर गणपतीची तसबीर ठेवायला जागा. आमच्याकडे तसबीर नव्हती, रेडिओ होता. वाङ्मयातही काहीसे असेच झाले असावे. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले आणि मराठी माणसाच्या मनातील मद्याचे चित्र त्याने कायमचे ठरवून टाकले. त्या नाटकात प्याला आहे, बाटली आहे, आर्य मदिरा मंडळ आहे, कपाट नाही. सुधाकराची दारू घरात स्थिर होत नाही, ती घर उद्ध्वस्त करते. मराठी नाटकाने दिवाणखाना पुढे इतका वापरला की त्याची चेष्टा झाली, पण जपून, मोजून, कुलूपबंद पिणारा कुटुंबवत्सल गृहस्थ आणि त्याच्याकडे पाहणारी बायको हा विषय त्या दिवाणखान्यात त्या मानाने कमीच आला. तालमीला जागा होती ती पडण्याला, सवयीला नव्हती. वाचकांपैकी कोणी यावर प्रबंध लिहीत असल्यास आम्हाला वाचायला आवडेल.

आबांनी ते कपाट कोठे पाहिले, याबद्दल घरात एकमत आहे. मुंबईत एका अडत्याच्या घरी, बहुधा १९६४ च्या सुमारास. फळी उघडताच आत दिवा लागला आणि आरशात बाटल्या दुप्पट दिसल्या, एवढेच वर्णन ते अखेरपर्यंत करीत. कपाट कोठून आणले याबद्दल मात्र घरात एकच कथा रूढ होती: ते मुंबईहून, मालमोटारीतून, गवताच्या पेंढीत गुंडाळून आले. ही कथा आम्ही नंतर पुन्हा पाहू.

आजीने त्या कपाटाबद्दल आमच्यासमोर कधी बरेवाईट म्हटल्याचे आठवत नाही. ती दर सोमवारी त्याचे पितळ घाशी. चिंचेचा कोळ, थोडे मीठ, मग राख, मग कोरडे फडके. पुढे बाजारात पितांबरी आली तरी तिने चिंच सोडली नाही. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. हवा आणि हाताचा घाम त्याच्यावर काळपट थर धरतात आणि आम्ल तो थर सोडवते, हे आम्ही शाळेत शिकलो तेव्हा आम्हाला घरचा सोमवार आठवला. कठडा घासून झाला की ती बाटल्या एकेक उचलून खालचा पत्रा घाशी. बाटल्यांना ती पदराने धरी, उघड्या हाताने नाही.

त्या घरात घासण्यासारखे दुसरे पितळ उरलेले नव्हते, हे येथे सांगितले पाहिजे. ज्यांची आजोळे कृष्णा-नीरेच्या खोऱ्यात आहेत त्यांना याचे कारण सांगावे लागणार नाही. स्टेनलेस स्टील आले. ते हलके, चकचकीत, आंबट ठेवले तरी कळकत नाही, कल्हई लागत नाही. पूर्वी कल्हईवाला पाराखाली भाता लावून बसे, नवसागराचा पांढरा धूर उठे आणि कथलाचा गोळा फिरवताच काळे पातेले आतून चांदीसारखे होई. त्याचे येणे हळूहळू थांबले. गावोगावच्या बायकांनी आपापल्या रुखवतातले हंडे, घागरी, पराती, घंगाळी कासाराकडे मोडीत घातली आणि वजनावर मिळालेल्या पैशांत स्टीलचे डबे घेतले. बायकांनी घातली असे आम्ही म्हणतो खरे. पुष्कळदा ती पुरुषांनी घातली आणि बायकांना डबे दाखवले. मोड हा शब्द तराजूचा आहे. त्यात घडणावळ धरत नाहीत. पुण्याच्या तांबट आळीत हातोडीच्या नेमक्या ठोक्यांनी भांड्यावर जे मठारकाम करतात, ज्याने पत्रा कणखर होतो आणि प्रकाश तुकड्या-तुकड्यांनी चमकतो, त्याचे मोडीत मोल शून्य. भांड्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेल्या नावाचेही तेच. आजीचे भांड्यांचे रुखवत १९६५ साली एका खेपेत गेले असे काकू सांगतात. कपाटही त्याच वर्षीचे. ही दोन वाक्ये आमच्या घरात कोणी कधी शेजारी-शेजारी उच्चारली नव्हती.

काकू म्हणजे आमच्या मधल्या काकू. त्यांच्याविषयी लिहिण्यापूर्वी आम्ही त्यांची परवानगी घेतली आहे. आबा मोजून पीत. काका मोजत नसत. त्यांना परवान्याची, औषधाची, आडोशाची गरज वाटली नाही. तोवर बाजारात सगळे मिळू लागले होते. ते कपाटाला फार हात लावीत नसत, ती आबांची वस्तू. त्यांचे पिणे रस्त्यावरच्या खोक्यात, कारखान्याच्या वजनकाट्याजवळ, कोठेही. १९९१ साली यकृताच्या विकाराने ते गेले तेव्हा ते एकेचाळीस वर्षांचे होते. आबा त्याआधीच, १९८७ साली गेले होते, आणि त्यांच्यामागे आजीने कपाटातल्या बाटल्या एका दुपारी रिकाम्या केल्या. बाटल्या तिने धुऊन, उन्हात वाळवून, रॉकेल आणि फिनेल भरायला घेतल्या. कपाटात तिने खरोखरीची औषधे ठेवली: लहान मुलांची गुटी, अमृतांजन, हिंगाष्टक, नंतर तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या. साठ वर्षांपैकी शेवटची पस्तीसएक वर्षे ते कपाट आपल्या नावाला जागले. सोमवारचे घासणे चालूच राहिले; २००९ साली ती जाईपर्यंत.

गेल्या काही वर्षांत दारूच्या दुकानाविरुद्ध गावोगावी मतदान होते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. गावच्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होते. सरकारी चिन्हव्यवस्थेत इतके बोलके चित्र आम्ही दुसरे पाहिलेले नाही. बाटली उभी राहावी म्हणून घडवलेला तो पितळी कठडा आठवला की आम्हाला या मतपत्रिकेचे चित्रकारही थोर वाटतात.

आता व्यापाऱ्यांविषयी. जुन्या सामानाचा शौक पूर्वी संस्थानिकांच्या वाड्यांपुरता होता, आता तो सदनिकांत आला आहे. मुंबईत चोरबाजाराच्या मटन स्ट्रीटवर किंवा जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात, पुण्यात बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात अशा वस्तूंची चौकशी होते. ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’ हे भारदस्त नाव त्या शतकाच्या मध्याला कोणी वापरत नव्हते; कॅरा ग्रीनबर्ग यांच्या १९८४च्या पुस्तकाने ते रूढ केले. काळाला नाव मिळाले आणि नावाला किंमत. चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्या, पिअर जानरे यांच्या देखरेखीखाली १९५०च्या दशकात घडलेल्या, अडगळीत ढीग लावून पडल्या होत्या. परदेशी दलालांनी त्या भंगाराच्या भावाने उचलल्या आणि युरोप-अमेरिकेच्या लिलावांत त्या लाखोंनी गेल्या. पुढे केंद्र सरकारला त्यांच्या विक्रीला मनाई करावी लागली. मोडीचा आणि लिलावाचा तराजू एकच असतो, फक्त त्याच्यासमोर कोण उभे आहे यावर काटा हलतो.

आमचे जुने घर पाडून स्लॅबचे बांधायचे ठरले, तेव्हा आमच्यातल्या एकाने कपाटाची छायाचित्रे पुण्याच्या एका व्यापाऱ्याला दाखवली. तो स्वतः आला. माणूस जाणता होता. त्याने खिशातून लोहचुंबक काढून कठड्याला, टोप्यांना, बिजागरीला लावून पाहिला. पितळेला चुंबक चिकटत नाही, लोखंडावर पितळेचा मुलामा असेल तर चिकटतो. चुंबक कोठेच चिकटला नाही. मग त्याने पायांचा झोक पाहिला, फळीवर नख मारून पॉलिश पाहिले. जुने फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळलेली चपडी लाख. बंदीच्या काळात मुंबईत माणसे हेच पॉलिश गाळून पीत आणि आंधळी होत वा मरत, म्हणून कायद्याला त्याच्या साठ्यावरही नजर ठेवावी लागली, ही माहिती त्यानेच आम्हाला हसत हसत दिली. काकू दारात उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. व्यापाऱ्याच्या मते वस्तू मुंबईच्या चांगल्या कारखान्यातली, साठच्या दशकातली. मूळ स्थितीत मिळाली तर पंचेचाळीस हजार. आमच्यातल्या दोघांना ते स्वतःसाठी, कोथरूडच्या घरासाठी हवे होते. कशासाठी हवे होते हे वेगळे सांगायला नको. आजच्या घरात ते उघडे ठेवता येते, आत दिवाही लावता येतो. भोक तयारच आहे.

काकू एवढेच म्हणाल्या, “न्यायचं तर न्या. पर त्यात बाटल्या ठिवणार असाल तर माझ्या डोळ्यांदेखत ठिवू नका, येवढंच.”

कपाट बाहेर काढताना ते दारातून निघेना. चौकट अरुंद, कपाट रुंद. आडवे केले, उभे केले, तिरपे केले. म्हणजे ते या दारातून आत आलेच नव्हते. सुताराला बोलावून पाठीमागची फळी सोडवली. ती चहाच्या खोक्याच्या प्लायवुडची निघाली, तिच्यावरची इंग्रजी अक्षरे आणि आसामच्या मळ्याचा शिक्का आतल्या बाजूला शाबूत. आरशामागे घडी घातलेले एका इंग्रजी मासिकाचे पान, त्यावर तशाच कपाटाची जाहिरात, पेन्सिलीने इंच-फुटांची मापे मराठी आकड्यांत टाकलेली. दर्शनी लाकूड सागवान, पण एका फळीला जुन्या तुळईची खाच होती. मुंबईची मालमोटार आणि गवताची पेंढी आमच्या डोळ्यांसमोर विरून गेली. कपाट याच खोलीत, बलुत्यावर नांगर आणि चौकटी करणाऱ्या गावच्या सुताराने एका छापील चित्रावरून घडवले होते. आम्हाला तर त्या अज्ञात कारागिराविषयी आदरच वाटला. न पाहिलेली वस्तू न कळणाऱ्या भाषेतल्या चित्रावरून उभी करणे हे भाषांतराचेच काम, आणि पायांचा झोक त्याने मूळ चित्राहून अधिक डौलदार साधला होता. व्यापाऱ्याला आदर वाटला नाही. त्याचा आकडा आठ हजारांवर आला, तोही मुख्यतः पितळेसाठी.

टोप्या आणि बिजागरी पुण्याच्या बोहरी आळीत मिळणाऱ्या नेहमीच्या मालातल्या होत्या. कठडाही तसाच. बाटल्यांखालचा पत्रा मात्र सुताराने खिळे उपसून उलटा केला तेव्हा तो बाजारचा नव्हता. वरून घासून घासून तो गुळगुळीत झाला होता. खालून त्याच्यावर मठारकामाचे ठोके जसेच्या तसे होते, ओळीने, एकमेकांना लागून. गोलाकार भांड्याचे पोट कापून, ठोकून सपाट केलेले. आकारावरून घंगाळ असावे. एका कडेला ठिपक्यांची अक्षरे होती, कापताना अर्धी गेलेली. पहिला शब्द तुटलेला, आजीच्या माहेरच्या आडनावाचा शेवट त्यात लागतो. पुढे स्पष्ट, ‘कडून भेट’.

ती दर सोमवारी घाशीत होती ते काय, हे तिला ठाऊक होते की नव्हते, यावर आमच्यात दोन पक्ष पडले आणि ते मिटलेले नाहीत. काकूंना शंकाच नव्हती. आपल्या रुखवताचे भांडे बाईला उलटे घातले तरी वळखू येतं, असे त्यांचे म्हणणे. आबांच्या बाजूने बोलायचे तर एवढेच की त्यांनी सगळे पितळ तराजूत घातले नाही, एक तुकडा घरात ठेवला. आणि आबांच्या विरुद्ध बोलायचे तर नेमके हेच. तो कोठे ठेवला ते पाहा.

यानंतर विषय पितळेवरून कायद्यावर गेला, आणि तोही काकूंमुळे. घराची, जमिनीची वाटणी कागदावर झाली होती. कपाट ‘जंगम’ म्हणून राहिले होते. काकू म्हणाल्या की लाकूड तुमच्या आबाचं, पत्रा त्यांचा नव्हे. ते स्त्रीधन. आमच्यातल्या वकिलाने मान हलवली. बाईला माहेरहून मिळालेली वस्तू तिच्या पूर्ण मालकीची असते आणि हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे, मृत्युपत्र नसल्यास, ती प्रथम तिच्या मुलांना, मुलींना आणि पतीला जाते. आधी वारलेल्या मुलाच्या मुलांनाही. सुनेला नाही. म्हणजे ज्या काकूंनी हा मुद्दा काढला त्यांना स्वतःला त्यातून काही मिळणार नव्हते. मिळणार होते ते त्यांच्या मुलांना, इतर काकांना, आणि आमच्या दोन आत्यांना. आबा वारले तेव्हा, १९८७ साली, दोघी आत्यांनी जमिनीवरचे हक्कसोडपत्र करून दिले होते. आपल्याकडे बहिणी असे करतात. साडीचोळी आणि दिवाळीचे माहेर एवढ्यावर शेकडो एकर ऊस भावांच्या नावे राहिला आहे. नोंदणी कचेरीच्या बाहेर त्या दिवशी भजी खाल्ल्याचे मात्र दोघींना अजून आठवते.

धाकट्या आत्यांना दूरध्वनी केला. त्या नदीपलीकडे, फलटणकडच्या गावी असतात. सगळे ऐकून घेतल्यावर त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मी सही जमिनीवर केली हुती. घंगाळावर नव्हं.”

सुतार तोवर सांगाडा पुन्हा जोडत होता. कोथरूडला न्यायची हौस दोघांचीही कोणत्याशा क्षणी ओसरली होती. कोणी तसे बोलून दाखवले नाही. कपाट आता नव्या घराच्या मागे गोठ्याच्या पडवीत आहे, त्यात जनावरांची औषधे, सुया आणि मलमे असतात, त्यामुळे नाव बदलावे लागलेले नाही. आरसा काढून ठेवला, कारण गाय त्याला बुजते. व्यापाऱ्याला चार टोप्या आणि कठडा विकला आणि ते पैसे सुताराच्या मजुरीत गेले.

पत्रा न्यायला आत्या स्वतः आल्या. काकूंनी तो त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा अक्षरांची बाजू वर ठेवली होती. आत्यांनी पिशवीतून चिंच काढली, काकूंकडून मीठ मागून घेतले, आणि दोघी मागच्या दारी मोरीपाशी बसून ती बाजू घासू लागल्या. साठ वर्षांचा काळपटपणा लवकर सुटेना. मठारकामाच्या खळग्यांत तो बसला होता. तेथे बोट पोचत नाही, म्हणून आत्यांनी डोक्याची पिन काढली आणि त्या एकेक ठिपका मोकळा करत राहिल्या.